रिझर्व्ह लागतच नाही: जुनी मोटरसायकल पुन्हा पुन्हा पेट्रोल संपून बंद पडते तेव्हा

पेट्रोल संपून गाडी बंद पडली तेव्हा कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, ऑनवरच होता. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण ज्याला ज्याला मी हा प्रकार सांगितला त्याने आधी हेच विचारलं, "रिझर्व्हवर ठेवूनच फिरत असशील ना?" नाही. बाबांनी गाडी माझ्या हातात दिली तेव्हा पहिली ताकीद हीच होती: पेट्रोल टाकलं की कॉक परत ऑनवर. ती मी आजवर मोडलेली नाही.

गाडी १९९८ सालची, शंभर सीसीची, चार स्ट्रोक, कार्ब्युरेटरवाली, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा जुना भाग असलेली. पेट्रोलचा काटा तिला कधीच नव्हता. बाबांनी ती घेतली तेव्हा आम्ही इंदुरात रामबागेत राहत होतो, आता सुदामानगरात आहोत. बाबा गेले, गाडी राहिली, आणि ती विकायचा विषय घरात कोणी काढत नाही.

सहा महिन्यांत ती तीन वेळा पेट्रोल संपून रस्त्यात उभी राहिली. पहिल्यांदा पलासियाला, भर गर्दीत. पंप जवळ होता, ढकलत नेली आणि विसरून गेलो. दुसऱ्यांदा राऊच्या अलीकडे, रात्री साडेनऊला. तेव्हा बायको म्हणाली, "वेळच्या वेळी पेट्रोल टाकत जा हो," आणि मलाही वाटलं की चूक माझीच. तिसऱ्यांदा मात्र मागे आई बसली होती. श्रावणी सोमवार, ओंकारेश्वराला निघालो होतो. खंडवा रोडने सिमरोल मागे पडलं, भेरूघाट उतरायला लागलो आणि इंजिनाने दोन गचके दिले. सवयीने डावा हात खाली गेला, कॉक रिझर्व्हवर फिरवला. काही नाही. आणखी एक गचका, आणि गाडी गप्प. मागून ट्रक येत होते, कडेला चालायला जेमतेम हातभर जागा, आणि अडुसष्ट वर्षांची आई पदर सावरत माझ्या पुढे चालत होती. बडवाहच्या एका दूधवाल्याने थांबून आपल्या गाडीची नळी काढली, पाण्याच्या बाटलीत अर्धा लिटर पेट्रोल दिलं आणि पैसे पुढे केले तर "नर्मदे हर" म्हणून निघून गेला.

त्या दिवशी ठरवलं की आता याचा छडा लावायचाच. लावला. जे कळलं ते नीट मांडतो, कारण अशा गाड्या अजून खूप घरांत आहेत आणि सगळ्यांना एकच सल्ला मिळतो: पेट्रोल जास्त टाका. तो सल्ला चुकीच्या दुखण्यावरचा आहे.

रिझर्व्ह म्हणजे नेमकं काय

पुष्कळांना वाटतं की टाकीच्या पोटात रिझर्व्हची एक वेगळी छोटी टाकी असते. तसं काही नसतं. टाकी एकच, पेट्रोलही एकच. कॉकच्या वरच्या अंगाला, टाकीच्या आत, एक बारीक नळी उभी असते. तिच्याभोवती जाळी असते. कॉक ऑनवर असताना पेट्रोल फक्त या उभ्या नळीच्या तोंडातून, म्हणजे वरून आत शिरतं. टाकीतली पातळी त्या तोंडाच्या खाली गेली की पुरवठा तुटतो आणि गाडी गचके देते. मग आपण रिझर्व्हवर फिरवतो, तेव्हा नळीच्या बुडाशी असलेलं दुसरं भोक उघडतं आणि खाली उरलेलं पेट्रोल वाहू लागतं. ऑफवर दोन्ही बंद.

म्हणजे रिझर्व्ह म्हणजे त्या नळीची उंची, एवढंच. नळी दोन बोटं उंच असेल तर दोन बोटं पेट्रोल राखलं जातं. काटा नसलेल्या गाडीत पेट्रोल संपत आल्याची सूचना देणारी ही एकच गोष्ट असते, आणि आमच्या गाडीत नेमकी तीच गेलेली होती.

एक खूण मला आधीच दिसायला हवी होती. ऑनवर गाडी हल्ली जास्त चालत होती. दोन लिटर टाकले की पूर्वी साधारण शंभर किलोमीटरनंतर रिझर्व्ह लागायचं. या वर्षी दीडशेला आलो तरी लागत नव्हतं. मी खूश होतो, मायलेज सुधारलं म्हणून. प्रत्यक्षात ऑनवर असतानाच रिझर्व्हचं पेट्रोलही जळत होतं. तुमची जुनी गाडी काही दुरुस्ती न करता एकाएकी ऑनवर जास्त पळू लागली, तर आनंद मानण्याआधी कॉक तपासा.

घरी करायची परीक्षा

ही परीक्षा अर्ध्या तासाची आहे आणि तिच्यात जवळजवळ सगळं कळतं. गाडी पूर्ण थंड हवी, जागा उघडी हवी, आसपास बिडी-सिगारेट, देवाची समई, गॅसची शेगडी काही नको. टाकीत डोकावायला मोबाईलचा टॉर्च हातभर लांब धरा. काडी पेटवून टाकीत बघणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. असं कधीही करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची असते.

टाकीत दीड-दोन लिटर पेट्रोल असू द्या आणि गाडी मेन स्टँडवर सरळ उभी करा. कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी तिथून काढून पत्र्याच्या स्वच्छ डब्यात सोडा. कॉक ऑन करा. धार वाहत राहील आणि मग हळूहळू थांबेल. आता डबा बदला आणि कॉक रिझर्व्हवर फिरवा.

धार परत सुरू झाली आणि दुसऱ्या डब्यात लिटरभराच्या आसपास पेट्रोल जमलं, तर तुमचं रिझर्व्ह शाबूत आहे. किती जमलं ते मोजून लिहून ठेवा, पुढे कामाला येईल.

रिझर्व्हवर थेंबही आला नाही, तर झाकण उघडून टाकी हलवा. आत पेट्रोल डुचमळतंय आणि तरी येत नाही, याचा अर्थ खालचं भोक गाळाने बुजलं आहे. टाकी मात्र कोरडी ठणठणीत असेल तर ऑननेच सगळं ओढून घेतलं, म्हणजे उभी नळी तुटली आहे किंवा बुडातून सुटली आहे. दोन्हींत रस्त्यावरचा अनुभव सारखाच: गचके, रिझर्व्ह, काही नाही. पण पहिल्यात टाकीत पेट्रोल असूनही तुम्ही गाडी ढकलत असता, आणि दुसऱ्यात खरंच काही उरलेलं नसतं. म्हणून पुढच्या वेळी बंद पडलात तर पंपाकडे ढकलायला लागण्याआधी झाकण उघडून गाडी हलवा आणि कान द्या.

आमची टाकी कोरडी होती. कॉक दोन स्क्रूंवर बसवलेला असतो, काही गाड्यांत एका मोठ्या नटावर. तो काढला तर जाळीच्या आत नळीचा फक्त बुंधा होता. टाकी उतरवून उलटी केली तेव्हा दीड इंचाची पिवळी पडलेली प्लॅस्टिकची नळी खडखडत बाहेर आली. आदल्या दिवाळीच्या आधी एका गॅरेजात सर्व्हिसिंगला दिली होती, तेव्हा कॉक गळतो म्हणून नवा बसवला होता. जुन्या कॉकची नळी पितळेची होती, हे मला बाबांच्या डब्यात तो सापडल्यावर कळलं. बाबा जुना पार्ट कधी टाकत नसत, आणि त्यांची ती सवय माझ्यातही उतरली आहे.

आमच्या ओळखीचे एक उस्ताद आहेत, चाळीसेक वर्षं याच कामात असलेले. त्यांनी पितळेचा कॉक धुतला, चार भोकांची रबरी चकती नवी घातली, जाळीला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "कंपनी का है, इसी को लगाओ।" गळत होती ती फक्त चकती. कडक होऊन तिला चीर पडली होती. संपूर्ण कॉक बदलायची गरजच नव्हती. तुमचा कॉक गळत असेल तर आधी चकती बदलून पाहा. किंमत किरकोळ असते आणि मूळ नळी वाचते. नवा कॉक घ्यावाच लागला तर दुकानात त्याची नळी जुन्या नळीशेजारी धरून उंची जुळवा. दिसायला सारखे, पण नळी आखूड, असे कॉक मिळतात. नळी आखूड म्हणजे रिझर्व्ह कमी.

आणखी एक बारीक गोष्ट. बाहेरच्या काही कॉकची मूठ मूळ कॉकपेक्षा उलटी फिरते. ऑन समजून लोक रिझर्व्हवर चालवत राहतात. वरच्या परीक्षेत कोणत्या दिशेला काय येतं ते बघून घ्या आणि पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देऊन टाका.

खालचं भोक बुजलेलं असेल तर

हा प्रकार जुन्या गाड्यांत नळी तुटण्यापेक्षाही जास्त दिसतो. गंज, पाणी, धूळ सगळं टाकीच्या बुडाशी जाऊन बसतं, आणि रिझर्व्हचं भोकही तिथेच असतं. तुम्ही नेहमी ऑनवरच, भरल्या टाकीने फिरत असाल तर ते भोक महिनोन् महिने वापरात येत नाही. ज्या दिवशी त्याची गरज पडते त्या दिवशी ते चोंदलेलं असतं. म्हणून महिन्यातून एकदा दहा-पंधरा किलोमीटर मुद्दाम रिझर्व्हवर चालवावं, टाकीत पुरेसं पेट्रोल असताना. बुडाशी जमलेलं थोडं थोडं निघून जातं. आणि मग कॉक परत ऑनवर.

साफ करायचं तर टाकी उतरवून, कॉक काढून, थोडं पेट्रोल घालून खळबळून ओतायचं, पाणी स्वच्छ येईपर्यंत म्हणतात तसं पेट्रोल स्वच्छ येईपर्यंत. गंज जाड असेल तर टाकीत डिझेल आणि मूठभर नट-बोल्ट घालून हलवायची पद्धत आपल्याकडे आहे आणि ती चालते. फक्त नट-बोल्ट घालताना मोजा, काढतानाही मोजा. एक जरी आत राहिला तर वर्षभर खडखडेल. जाळी तारेने खरवडू नका. मऊ ब्रश आणि पेट्रोल पुरे. आमची नळी अशाच खरवडण्यात तुटली असावी असा माझा संशय आहे.

पावसाळ्यात गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते, तिचं पाणी पत्र्यावर धरतं, आणि गंज तिथून सुरू होतो.

पेट्रोल आहे आणि तरी "संपतं"

काही गाड्या पेट्रोल संपल्यासारख्या बंद पडतात, पण टाकी अर्धी भरलेली असते. इथे सगळ्यात जास्त फसवणारं कारण म्हणजे झाकणाचं श्वासाचं भोक. टाकीतलं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा वरून आत यायला हवी. त्यासाठी झाकणात एक बारीक वाट असते. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली यायला तयार होत नाही. गाडी दहा-पंधरा किलोमीटर व्यवस्थित जाते, मग गचके देऊन थांबते. पाच-दहा मिनिटं उभी राहिली की कुठून तरी थोडी हवा शिरते आणि ती परत सुरू होते. मालक म्हणतो, इंजिन तापलं होतं.

ओळख सोपी आहे. बंद पडताक्षणी झाकण उघडा. "फस्स" करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरू झाली, तर दोष झाकणात. बारीक सुईने भोक मोकळं करा, फुंकून बघा. आणि टाकीवर रेक्झिनचं कव्हर असेल तर त्याची झडप झाकणावर घट्ट बसते का ते पाहा. पावसाळ्यात झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी रबराने बांधून फिरणारे तर गल्लोगल्ली दिसतात. पाणी जाऊ नये हा हेतू बरोबर आहे, पण गाडी त्याने गुदमरते. गाडी उभी असताना बांधा, चालवायच्या आधी काढा.

दुसरं, कॉकपासून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी. बदलताना लांब घेतली की तिला मधे पीळ पडतो किंवा ती वर उचलली जाते. शिवाय ती इंजिनाच्या हेडला टेकली तर मे महिन्यात, आपल्याकडे पारा चाळीसच्या वर असताना, आतल्या पेट्रोलची वाफ होऊन धार अडते. नळी आखूड, उताराची आणि इंजिनापासून बोटभर दूर हवी.

प्लग किंवा कॉइलचा दोष यापासून वेगळा कसा ओळखायचा? विजेचा दोष बहुधा बटण दाबल्यासारखा एकदम इंजिन बंद करतो. पेट्रोल संपताना गाडी आधी ओढ सोडते, गचके देते, कधी शेवटच्या क्षणी इंजिन किंचित जोरात फिरल्यासारखं वाटतं आणि मग मरतं. खात्री हवी तर कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा स्क्रू थोडा सैल करा. गाडी थंड झालेली असू द्या. पेट्रोल वाहिलं तर ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतंय, दोष पुढे शोधा. कोरडं असेल तर मागे: नळी, कॉक, झाकण, टाकी, याच क्रमाने.

खरोखर पेट्रोल जास्त जात असेल तर त्याची कारणं मी थोडक्यातच सांगतो, कारण तो वेगळा विषय आहे: अर्धवट ओढलेला राहिलेला चोक, फ्लोटची (कार्ब्युरेटरमध्ये येणारं पेट्रोल वेळेवर बंद करणारी) झिजलेली सुई आणि त्यामुळे रात्रभर थेंब थेंब गळणं, घासत राहिलेला ब्रेक, हवा कमी असलेली चाकं. रात्री कॉक ऑफ करायची सवय लावा. सुई गळत असली तरी सकाळी टाकी जशीच्या तशी मिळते. आणि सार्वजनिक पार्किंगमध्ये नळीतून पेट्रोल काढून नेणारेही असतात. आपला हिशेब बरोबर असूनही टाकी कमी भरत असेल तर ही शक्यता मनात ठेवा.

इथेनॉलचा भाग

गेल्या काही वर्षांत पेट्रोल बदललं आहे आणि जुन्या गाडीच्या हिशेबात ते धरावं लागतं. २०२२ मध्ये देशात पेट्रोलमधलं इथेनॉल १० टक्क्यांवर पोचलं, आणि फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्क्यांचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नीती आयोगाच्या समितीने २०२१ च्या अहवालात २० टक्के मिश्रणावर जुन्या घडणीच्या दुचाकींचं मायलेज ३ ते ४ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. लिटरला ५० देणारी गाडी ४८ देईल, एवढाच याचा अर्थ. नुसत्या इथेनॉलने कोणी रस्त्यात अडकत नाही.

मला जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या दोन गोष्टींची. इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं, म्हणजे पुन्हा रिझर्व्हच्या भोकापाशी. रिझर्व्हवर फिरवल्यावर गाडी अडखळत असेल आणि ऑनवर ठीक असेल, तर तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून पाच मिनिटं उजेडात ठेवा. दोन थर दिसले तर टाकी धुवायला हवी. दुसरी गोष्ट रबराची. १९९८ च्या गाडीची रबरं या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. कॉकची चकती, वाटीचं पॅकिंग, नळी हे सगळं आता वर्षातून एकदा बदलायचं मी ठरवलं आहे. खर्च किरकोळ आहे.

रस्त्यात अडकलात तर

आपल्याकडे गाडी आडवी करून चार-पाच किलोमीटर काढतात. त्यामागे कारण आहे. टाकी खालून सपाट नसते, फ्रेमच्या नळीवर बसायला तिच्या मधोमध खाच असते. त्यामुळे तळाशी पेट्रोल दोन बाजूंना वाटलं जातं आणि कॉक एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूचं पेट्रोल तिथेच अडकून राहतं. म्हणून कॉक ज्या बाजूला आहे त्या बाजूला गाडी चांगली झुकवायची, दहा-वीस सेकंद धरायची. कॉक आधी ऑफ करा, म्हणजे कार्ब्युरेटर ओसंडणार नाही. मग सरळ उभी करून रिझर्व्ह उघडा, अर्धा मिनिट थांबा आणि किक मारा. उगाच कुठल्याही बाजूला झोपवून काही होत नाही, बाजू कॉकचीच हवी.

घाटातही हाच न्याय. बऱ्याच गाड्यांत कॉक टाकीच्या मागच्या भागात असतो. घाट उतरताना पेट्रोल पुढे सरकतं आणि कॉकचं तोंड उघडं पडतं. भेरूघाटात आम्ही उतारावरच बंद पडलो त्याचं हे कारण. गाडी सपाटीला आणून उभी केली असती तर कदाचित पेलाभर पेट्रोल आणखी मिळालं असतं. मला तेव्हा हे माहीत नव्हतं. चढावर उलटं होतं: पेट्रोल मागे येतं, गाडी छान चालते, आणि चढ संपताच रिझर्व्ह लागतं. म्हणून महू-मानपूरच्या बाजूला किंवा खंडवा रोडला निघताना माझा नियम आता असा आहे की रिझर्व्हच्या मोजलेल्या किलोमीटरांपैकी दोन तृतीयांशच आपले समजायचे.

चालत्या गाडीत रिझर्व्ह लागलं तर आधी आरसा बघून डावीकडे या. कॉक न बघता, नुसत्या बोटांनी फिरवायचा सराव घरी गाडी उभी असताना करून ठेवा. मान खाली घालून कॉक शोधत लोक पडले आहेत. बंद पडल्यावर दुसऱ्या गाडीवरून पाय लावून टोचन द्यायची आपल्याकडे फार हौस आहे. शहरात, सावकाश, एखादा किलोमीटर ठीक. घाटात किंवा बायपासवर नको.

बाटलीत पेट्रोल घेऊन फिरू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत द्यायला पुष्कळ पंप नकारच देतात आणि ते योग्य आहे. गाडी ढकलत नेत असाल तरी हेल्मेट मागे ठेवून जाऊ नका. इंदुरात १ ऑगस्ट २०२५ पासून हेल्मेटशिवाय पेट्रोल न देण्याचा आदेश निघाला होता. राजदूत किंवा म्हैसूरच्या कारखान्यातली जुनी येझदी असेल, तर उसन्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळल्याशिवाय किक मारू नका. या गाड्यांच्या इंजिनाला तेल पेट्रोलमधूनच मिळतं.

टाकी पूर्ण कोरडी झाल्यानंतर पेट्रोल टाकलं तर लगेच किकवर किक मारत बसू नका. कार्ब्युरेटरची वाटी रिकामी असते. अर्धा-एक मिनिट थांबा, चोक ओढा, ॲक्सिलरेटर बंद ठेवून तीन-चार किक. तरीही गाडी नंतर दोन दिवस अडखळत असेल तर शेवटच्या थेंबांबरोबर आलेला गाळ जेटमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या बारीक भोकात, गेला आहे. वाटीचा स्क्रू उघडून थोडं पेट्रोल वाहू द्या. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.

हिशेब

कॉक दुरुस्त झाल्यावर मायलेज मोजायची सर्वांत चांगली रीत रिझर्व्ह ते रिझर्व्ह. रिझर्व्ह लागलं त्याच वेळी किलोमीटर टिपा, पंपावर मोजून दोन लिटर टाका, कॉक ऑनवर आणा. परत रिझर्व्ह लागेल तेव्हाच्या आकड्यातून आधीचा आकडा वजा करा आणि दोनने भागा. पंपापर्यंत रिझर्व्हवर जळलेलं पेट्रोल या दोन लिटरांतच धरलं जातं. तीन वेळा करा, मग त्या आकड्यावर विश्वास ठेवा. आमच्या गाडीने शहरात ४९, ५१ आणि ४८ दिले. मोजलेलं रिझर्व्ह एक लिटर आणि वर थोडं. म्हणजे कागदावर पन्नास किलोमीटर, माझ्या नियमाने तेहतीस. टाकीवर बाहेरून एक चिकटपट्टी लावली आहे, तिच्यावर पेन्सिलीने शेवटचं पेट्रोल टाकल्याचा आकडा असतो. बाबा हेच काम वहीत करायचे. ती वही मला कॉकच्याच डब्यात मिळाली, शेवटची नोंद उज्जैनची आहे.

नव्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचे कडक नियम, आल्यावर बहुतेक गाड्या इंजेक्शनवर गेल्या, त्यांना हा कॉक नसतो. तिथे टाकीतला पंप पेट्रोलनेच थंड राहतो, त्यामुळे त्या तर कोरड्या पडूच देऊ नयेत.

दुरुस्तीनंतर आम्ही कार्तिकात परत ओंकारेश्वराला निघालो. आईने विचारलं नाही, पण निघताना तिने चपला बदलून चालायच्या घातल्या. घाट नीट उतरला. बलवाड्याच्या पुढे सपाट रस्त्यावर गाडीने दोन गचके दिले. डावा हात खाली गेला, मूठ फिरली, इंजिनाने एक श्वास घेतला आणि परत सुरात लागलं. आई मागे कुठलासा अभंग पुटपुटत होती, ती थांबलीही नाही. बडवाहच्या पंपावर दोन लिटर टाकले, आकडा टिपला, आणि कॉक ऑनवर आणला.